नाणी पसरायची कशावर?

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत कपाटाच्या तळातून एक थैली निघते. त्यात आजीच्या ठेवणीतले राणी छाप रुपये असतात, दोन-चार राजा छाप, निजामाचे चारमिनारवाले हाली रुपये, एखादी सोन्याची पुतळी आणि मूठभर तांब्याचे ढबू. गाठ सुटते आणि सगळा ऐवज शहाबादी फरशीवर ओतला जातो. तो खणखणाट कानाला गोड लागतो, पण त्यातल्या प्रत्येक ठणक्याला कुठल्यातरी नाण्याची कड चेपलेली असते. शंभर वर्षं बाजारात फिरून जेवढी इजा झाली नाही, तेवढी या दोन मिनिटांत होते.

नाणी हाताळायची कशी, यावर बरंच बोललं जातं. ती ठेवायची कशावर, हे कोणी सांगत नाही. मीही हे चुकून शिकलो. कॉलेजात असताना आजोबांचे रुपये लावायला बसलो तेव्हा मऊ म्हणून घोंगडी अंथरली. दिवसभर नाणी सरकवत बसलो, रात्री तशीच घोंगडीत गुंडाळून ठेवली आणि परीक्षेच्या गडबडीत दोन महिने विसरलो. उघडलं तर पांढरेशुभ्र रुपये पिवळट-काळे पडलेले. भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहिलं, तर चारमिनारच्या भोवतीच्या मोकळ्या जागेत केसासारखे असंख्य बारीक ओरखडे. काळवंडणं घोंगडीच्या लोकरीमुळे झालं, कारण लोकरीत गंधक असतं आणि चांदीचं गंधकाशी जमत नाही. ओरखडे मात्र लोकरीने पाडले नव्हते, ते घोंगडीत अडकलेल्या धुळीचे होते.

जे मऊ ते सुरक्षित, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. मऊपणा नाणं पडलं तर कामाला येतो, घासण्यापासून तो वाचवत नाही. घासण्यापासून वाचवते ती स्वच्छता. म्हणून कुठलंही कापड निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: हे धुता येतं का?

धुळीचं गणित

खनिजांचा कठीणपणा मोजायची मोहस नावाची पट्टी आहे, १ ते १० अशी. शिसं त्यावर १.५ ला येतं, चांदी आणि सोनं २.५ ते ३ च्या दरम्यान, तांबं ३ ला. आपलं नख साधारण २.५. आणि गारगोटी ७! आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी भरलेली असते. दगड झिजतो, ती मातीत मिसळते आणि उन्हाळ्यात वावटळ उठली की खिडकीतून आत येऊन टेबलावर बसते. असा एक कण कापडात असेल आणि त्यावरून तुम्ही रुपया बोटभर जरी सरकवला, तरी एक रेघ उठते. ती पुन्हा जात नाही. पॉलिश करून घालवायला गेलात तर रेघेबरोबर नाण्याचा वरचा थरही जातो आणि जाणकाराच्या लेखी नाण्याची किंमत उतरते.

आमच्याकडे जुनी माणसं इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. उस्मानी, म्हणजे निजामाचा हाली रुपया, सुमारे ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के. म्हणजे कलदार थोडा जास्त मऊ, त्यावर ओरखडा लवकर उठतो. १९४० पासून इंग्रजांनी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. थैलीत ही तिन्ही प्रकारची नाणी एकत्र असतात आणि एकमेकांवर घासत असतात. त्यांना वेगळं करणं हेच मुळात वर्गवारीचं पहिलं काम.

पहिली पायरी: जागा

पलंगावर बसू नका. गादी दबते, नाणी एकमेकांकडे घरंगळतात आणि एकमेकांवर आपटतात. जमिनीवर बसायची सवय असेल तर पाट किंवा चौरंग चालेल, पण फरशीवरच्या सतरंजीवर नको. सतरंजी म्हणजे घरातल्या सगळ्या पावलांची धूळ. हलत नाही असं टेबल उत्तम. पंखा बंद करा. तो वरच्या पात्यांवरची धूळ खाली आणतो, हलकी ॲल्युमिनियमची नाणी ठेवलेली कागदी पाकिटंही उडवतो. मे महिन्यात पंख्याशिवाय बसणं कठीण, म्हणून मी हे काम पहाटे करतो. कूलर तर अजिबात नको. कूलरची हवा ओली असते आणि त्या ओलाव्यात तांब्याची व चांदीची नाणी उघडी पडलेली चांगली नाहीत.

टेबलाला कठडा हवा. नाणं गोल आहे, ते पळणारच. मी एक टॉवेल घट्ट गुंडाळून त्याची सुरळी टेबलाच्या माझ्याकडच्या कडेला ठेवतो. दुसरा उपाय म्हणजे उथळ लाकडी ट्रे, ज्याच्या कडा दोन-तीन सेंटिमीटर वर आलेल्या असतात. घरातलं स्टीलचं ताट किंवा परात मात्र नको. पोलाद चांदीपेक्षा बरंच कठीण असतं.

दुसरी पायरी: खालचा थर

हा थर फक्त आपटण्यापासून वाचवतो, नाण्याला तो लागत नाही. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातून येणारा पांढरा, मऊ, वाकणारा पॅकिंगचा फोम (थर्माकोल नव्हे) यासाठी फार चांगला. तो पॉलिथिलीनचा असतो, त्यातून त्रासदायक वाफा निघत नाहीत. तीन ते पाच मिलिमीटर जाडी पुरते. फोम नसेल तर सुती टॉवेलची दुहेरी घडी घाला. गोधडी नको, तिच्या टाक्यांमुळे पृष्ठभाग उंचसखल होतो आणि नाणं कडेवर उभं राहून घरंगळतं.

व्यायामाची चटई कापून वापरण्याचा मोह होतो. तशा अनेक चटया पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात, ते नाण्यांना का नको ते पुढे येईल. माऊसपॅडच्या खाली रबर असतं आणि रबरात गंधक. या दोन्ही गोष्टी एखाद्या तासात नाणं बिघडवणार नाहीत, हे खरं. पण तासाचे दोन महिने कसे होतात, ते मी वर सांगितलंच आहे. काम अर्धवट राहतं, पाहुणे येतात, वीज जाते. म्हणून अंथरायचं ते असं असावं की, नाणी त्यावर चुकून आठवडाभर राहिली तरी धास्ती वाटू नये.

तिसरी पायरी: वरचा थर, म्हणजे खरा प्रश्न

माझ्या मते सगळ्यांत चांगलं कापड घरातच असतं: वर्षानुवर्षं धुतलेलं, मऊ झालेलं पांढरं सुती धोतर. त्याची वीण घट्ट असते, तूस सुटत नाही, रंग जायचा प्रश्नच नाही, गरम पाण्यात हवं तितक्या वेळा धुता येतं आणि पांढऱ्यावर घाण लपत नाही. हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. काळ्या मखमलीवर चांदी खुलून दिसते, पण धुळीचा कण शोधत बसावा लागतो.

सराफाकडे नाणी मखमलीच्या ट्रेमध्ये दिसतात म्हणून आपणही मखमल आणतो. सराफाचा माल येतो आणि जातो, त्याला झिलई करून विकायचं असतं. संग्राहकाला तसं करता येत नाही. मखमलीची लव उभी असते, त्यात खर, म्हणजे रेतीसारखी बारीक धूळ, अडकून बसते आणि वरून दिसत नाही. शिवाय ट्रेवर ती कुठल्या गोंदाने चिकटवली आहे, कुठल्या रंगात बुडवली आहे, हे आपल्याला कळत नाही. फोटोसाठी घटकाभर वापरा, वर्गवारीसाठी नको. फोटोसाठी पैठणीचा पदर अंथरायची हौसही मी पाहिली आहे. रेशीम मऊ असतं, पण जरीचा धागा धातूचाच असतो. नाणं जरीवर ठेवू नये.

टर्किश टॉवेलवर नाणं घरंगळत नाही, हा त्याचा गुण. पण त्याच्या फासांत खर शिरते आणि नाण्याच्या कडेच्या दात्यांत धागा अडकतो. खालच्या थरासाठी ठीक, वर नको. फेल्ट दिसायला छान, पण त्यात लोकर असू शकते. म्हणजे घोंगडीचीच गत.

स्वयंपाकघरात कणीक मळायला सिलिकॉनची जी चटई मिळते, ती बरीच उपयोगी आहे. सिलिकॉन धातूशी काही करत नाही, नाणं सरकत नाही, साबणाने धुतलं की लख्ख. तिचा एकच दोष, ती धूळ ओढून घेते. दर वेळी बसण्याआधी धुवून पुसून घ्यायची तयारी असेल तर जरूर वापरा. तेल-तुपाला लागलेली मात्र नको, नवी वेगळी घ्या.

आता जे टाळायचंच ते. जेवणाच्या टेबलावर असतं ते फुलाफुलांचं मऊ प्लॅस्टिक आणि रेक्झिन, दोन्ही बहुतेकदा पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं घातलेली असतात. ती बाहेर येतात, आणि पीव्हीसी जुनं झालं की आम्लही सोडतं. तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर दिसतो तो यातूनच येतो. जुन्या अल्बमच्या मऊ प्लॅस्टिकच्या खिशांचीही हीच गोष्ट. वर्तमानपत्राचा कागद स्वस्त आणि आम्लयुक्त, वर शाई. सनमायका आणि काच स्वच्छ असतात, पण कठीण. नाणं दोन इंचांवरून पडलं तरी कडेला दुखापत होते.

घ्यायच्या आधी तपासा

कापड हाताने चाचपून कळेल असं वाटतं, पण बारीक खर हाताला लागत नाही. रात्री खोलीतला दिवा घालवा, मोबाइलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवा, उजेड कापडाला घासून जाऊ द्या. एकेक कण सावलीसह उभा दिसतो. मग सेलोटेपची पट्टी उलटी बोटाला गुंडाळून कापडावर टिपत जा आणि पट्टीला काय चिकटलं ते भिंगातून पाहा. पट्टी दाबून चोळू नका, चिकटपणा कापडावर राहता कामा नये.

रंगीत कापड घेतलंच, तर त्यावर ओला पांढरा बोळा मिनिटभर चोळा. बोळा रंगला तर ते कापड बाद.

प्लॅस्टिक पीव्हीसी आहे का, हे ओळखायची एक जुनी रीत आहे. तांब्याची तार पक्कडीत धरून लालबुंद तापवा, प्लॅस्टिकला टेकवा आणि पुन्हा आचेवर धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. हे अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

वाफांची परीक्षा जास्त रोचक आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ओडी यांनी १९७३ मध्ये एक चाचणी मांडली. तिच्या आज रूढ असलेल्या रूपात वस्तूचा नमुना चांदी, शिसं आणि तांबं यांच्या चकत्यांसह बंद काचपात्रात दमट हवेत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात आणि चकत्या काळवंडतात का ते पाहतात. घरी तेवढी काटेकोर चाचणी होणार नाही, पण तिचा धाकटा भाऊ जमतो. लोणच्याची स्वच्छ धुतलेली काचेची बरणी घ्या. त्यात कापडाचा तुकडा, एक घासून चकचकीत केलेलं बिनकिमती चांदीचं जोडवं आणि चिमूटभर ओला कापूस वेगळ्या बाटलीच्या झाकणात ठेवा. दुसऱ्या बरणीत हेच सगळं, फक्त कापडाशिवाय. दोन्ही बरण्या महिनाभर माळ्यावर ठेवा. एप्रिल-मे असेल तर आपल्याकडचं ऊन भट्टीचं काम करतं. कापडाच्या बरणीतलं जोडवं दुसरीपेक्षा काळं पडलं, तर ते कापड चांदीजवळ नको.

दोन पृष्ठभाग, एक नाही

याबाबत मी हट्टी आहे. मळलेली नाणी आणि स्वच्छ नाणी एकाच कापडावर कधीही येऊ देऊ नका. पूजेतून आलेल्या रुपयांवर हळद-कुंकू चिकटलेलं असतं, दही-पंचामृताचा अंश असतो. थैलीतल्या ढबूंवर धूळ आणि हिरवा गंज असतो. त्यांच्यासाठी डावीकडे फोमवर कोरा पांढरा कागद अंथरायचा. नाणी थैलीतून ओतायची नाहीत, एकेक काढून ठेवायची. हा कागद काम झालं की फेकून द्यायचा. मधली जागा धोतराची, तिथे नाणं पाहायचं, वजन-माप घ्यायचं. उजवीकडे पाहून झालेली नाणी, तीही कापडावर, पण चळत न लावता, एकमेकांना न टेकवता.

मातीत सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. पैठण, तेर, भोकरदन ही सातवाहन काळातली नांदती गावं. तिथल्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, जोराचा पाऊस झाला की माती वाहते आणि नाणी उघडी पडतात. ती घरी आणून चिंचेने घासू नका, कापडावरही ठेवू नका. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा जमिनीत दडलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. सातवाहनांची नाणी डोळे भरून पाहायची तर तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहेच.

रीतसर विकत घेतलेली सातवाहन नाणी तुमच्याकडे असतील तर त्यातली बरीच शिशाची किंवा पोटीनची निघतील. शिसं इतकं मऊ की नखानेही ओरखडा उठतो, म्हणून त्यांच्यासाठी धोतराची दुहेरी घडी घ्या. शिशाला लाकडाचं वावडं आहे. लाकडातून, त्यातही प्लायवूडमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा बंद पेटीत साचल्या की शिशावर पांढरी भुकटी धरते. लाकडी ट्रेमध्ये तासभर चालेल, लाकडी डब्यात वर्षभर नाही. ती भुकटी विषारी असते. जवळ खाणंपिणं नको, लहान मुलं नकोत, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि ते कापड घरच्या कपड्यांपासून वेगळं धुवा. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिशाचं मिश्रण. ते ठिसूळ असतं, पडलं तर चेपत नाही, तुटतं. खालचा फोम खरा त्याच्यासाठी.

आता नाणं हातात घ्या

हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. डोक्याला तेल लावून बसू नका, हात नकळत केसांकडे जातो. सुती हातमोज्यांत नाणं निसटतं. मी नायट्राइलचे घालतो किंवा नुसते धुतलेले हात वापरतो. लॅटेक्सच्या मोज्यांत गंधक असू शकतं, ते चांदीला नको.

नाणं कडेने धरा, अंगठा आणि तर्जनीत. कापडापासून तीन-चार सेंटिमीटरपेक्षा वर नेऊ नका. नीट पाहायचं तर आपणच खाली वाका. आणि सरकवू नका. हे मी दहादा सांगेन. नाणं उलटायचं तर उचलून उलटा, बोटाने ढकलत कडेपर्यंत आणून नाही. कापड कितीही स्वच्छ असलं तरी खात्री देता येत नाही. उचललेल्या नाण्याला मात्र ओरखडा पडत नाही.

'खणखणीत नाणं' हा शब्द आपल्या भाषेत आला तो रुपया दगडावर वाजवून पारखायच्या रिवाजातून. बाजारात ते ठीक होतं. संग्रहातलं नाणं वाजवून पाहू नका. खरेपणा पाहायचा तर वजन आणि व्यास मोजा. काट्याच्या पोलादी ताटलीवर आधी बटर पेपरचा तुकडा ठेवा, काटा शून्यावर आणा, मग नाणं. व्यास मोजायला प्लॅस्टिकचा कॅलिपर घ्या, पोलादी जबड्यांचा नको. चुंबकाने तपासायचं असेल तर चुंबक कागदात गुंडाळून हळूच जवळ न्या. लोखंडी बनावट नाणं एकदम उडून आपटतं आणि शेजारच्या खऱ्याला इजा करतं.

नाण्यांवर वाकून बोलू नका. थुंकीचा बारीक थेंबही चांदीवर ठिपका सोडतो. टांकसाळीतून आलेली प्रूफ नाणी (संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत पाडलेली) तर डबीतून बाहेरच काढू नका, त्यांच्यासाठी कुठलाच पृष्ठभाग पुरेसा चांगला नाही.

कापड धुणं

साध्या सौम्य साबणाने धुवा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालू नका, त्याचा थर कापडावर राहतो आणि नाण्याला लागतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यात वाळलेलं कापड कडक होतं आणि त्यावर क्षार राहतात. त्यातले क्लोराइड तांब्याचे शत्रू. म्हणून शेवटी कापड बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात खळबळून काढा. बाहेर दोरीवर नको, घरात वाळवा. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या शिवारात सोयाबीनची मळणी चालू असते, तेव्हा तर खिडक्याही बंद ठेवा. वाळलं की इस्त्री करा आणि पॉलिथिलीनच्या स्वच्छ पिशवीत घालून ठेवा. मी त्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'नाणी' लिहिलंय, नाहीतर घरात कोणीतरी त्याने चष्मा पुसतं किंवा कपाट.

काम आटोपल्यावर नाणी मोजून पाकिटांत गेली की कापडाच्या चारही कडा आत घ्या, घडी बोटांनी चाचपा, टॉवेलची सुरळी उलगडून पाहा. चांदीची दोन आणी बोटाच्या पेरापेक्षा मोठी नसते. मग कापड बाहेर नेऊन झटका.